बाटलीवरचं नाव

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात बुऱ्हाणपुरात तापाची साथ आली. लोधीपुऱ्यातली आमची शेजारीण दवाखान्यात नर्स होती. एरवी तुरुतुरु चालणारी, दर वाक्याला ‘समजलं ना?’ विचारणारी ही बाई आता रात्रंदिवसाच्या जागरणाने भिंतीला धरून चालायची. पाय सुजून तिच्या चपला सुटल्या होत्या.

दवाखान्यात माझ्या आईच्या खाटेपाशी ती सुई द्यायला आली. तिने बाटली माझ्यापुढे धरली.

"मास्तर, वाचा बरं, पेनिसिलिनच आहे ना? माझ्या डोळ्यांचा भरोसा नाही राहिला, समजलं ना?"

मी वाचलं. पेनिसिलिन नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

तिने बाटली बदलली, पुन्हा वाचायला लावली, मगच सुई दिली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिथे वाचता येणारं कोणीच नव्हतं.