बंदुकीचे कायदे वाचणाऱ्या आपा

कोणी काही सांगायला लागलं की आपा मान किंचित वळवून डावा कान पुढे करायच्या. सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "ते ठीक. पण अपवाद वाचलास का?"

अगदी कँटीनमधल्या पोऱ्याने शुक्रवारी बिर्याणी मिळेल असं सांगितलं तरी हाच प्रश्न. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सुरुवातीला वैताग येतो, आणि पुढे त्याच्याशिवाय करमत नाही.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची कंपनी लोखंडी कपाटं आणि तिजोऱ्या बनवायची. मी अकाउंट्सला, आपा लीगलला. त्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. वकिलीची परीक्षा पास झाल्या आणि काळा कोट शिवायच्या आधीच लग्न होऊन शारजात आल्या. अल नहदा वस्तीत आमची घरं एकाच इमारतीत होती. कंपनीच्या बसमध्ये मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायची. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, एवढंच मला माहीत होतं.

दोन हजार साल उलटलं होतं. अमेरिकेतल्या एका पार्टीला घरात पिस्तूल ठेवायच्या छोट्या पेट्या हव्या होत्या. मॅनेजर केरळचे, सज्जन पण घाईचे. त्यांनी आपांना सांगितलं की तिथे देशाचा कायदा एक आणि प्रत्येक राज्याचा वेगळा, तेव्हा कुठे कसलं कुलूप लागतं ते शोधून काढा.

आपा शोधत बसल्या. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. पण त्यांना घाई नव्हती. खिडकीबाहेर पांढरं ऊन, त्यापलीकडे हलतंय की नाही कळणार नाही असं जहाज, आणि आपा एकेका राज्याचं नाव स्वतःशीच म्हणत असायच्या. मोंटाना. वायोमिंग. मेन. दुपारी डबा खाताना मला सांगायच्या, "अमुक राज्यात म्हणे बर्फात शेजारचं घरही दिसत नाही. तिथे माणूस बंदूक उशाशी ठेवणारच, नाही का?" कायद्यातून त्यांना घरं दिसायची. कुठल्या घरात मूल आहे, बाप कामावरून किती वाजता येतो, कपाटाची किल्ली कुठे टांगलेली असते. ऐकता ऐकता मलाही त्या वाळूच्या काठावर बर्फ पडल्यासारखं वाटायचं.

एक दिवस त्यांनी मॅनेजरना निष्कर्ष सांगितला. बंदूक कोणाला विकायची, कोणाला नाही, हे देशाचा कायदा सांगतो. घरात ती कशी ठेवायची हे बहुतेक राज्यांवर सोडलेलं. काही राज्यांत ती मुलाच्या हाती लागली तर मोठ्यांना शिक्षा आहे. बऱ्याच राज्यांत काहीच नाही.

मॅनेजर खूश झाले. मग दोन मॉडेलं करू म्हणाले. जिथे कायदा आहे तिथे भारी कुलूप, बाकी ठिकाणी स्वस्तातलं.

आपांनी होकारार्थी मान हलवली, पण नमुन्याची स्वस्त पेटी पिशवीत घालून घरी आणली. संध्याकाळी आमच्याकडे आल्या, पेटीत चॉकलेट ठेवून कुलूप लावलं आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीपुढे ठेवली. मुलीने ती हलवली, खेचली, शेवटी उचलून फरशीवर आपटली. झाकण उघडलं.

"इट जस्ट ओपन्स, आंटी," ती म्हणाली आणि चॉकलेट खाऊ लागली.

आपांचा चेहरा पडला. मुलगी आत गेल्यावर त्यांनी मला उजव्या कानाचं सांगितलं.

त्यांच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं रताळी उकरायची म्हणून ते ती रात्री राखणीला न्यायचे. एकदा ती भरलेलीच घरी आली आणि दाराआड उभी राहिली. आपा आणि त्यांची चुलत बहीण लपाछपी खेळत होत्या. दाराआड लपताना बंदुकीला धक्का लागला आणि बार आपांच्या कानाजवळून भिंतीत गेला. कोणालाही लागलं नाही.

"सगळे म्हणाले, अल्लाने वाचवलं. खरंच वाचवलं," आपा म्हणाल्या. "बाबांनी परवाना परत केला. त्या वर्षी डुकरांनी सगळं शेत खाल्लं, तरी त्यांनी बंदूक परत आणली नाही. पण त्यानंतर मला कधी कडेवर घेतलं नाही गो, बाय. हात लावायचीच भीती बसली त्यांना. या कानात तेव्हापासून समुद्राची गाज ऐकू येते. झोपताना बरी वाटते."

दुसऱ्या दिवशी त्या पेटी घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. मी बिलांवर सही घ्यायला तिथेच उभी होते. त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि मॅनेजरना ती खाली टाकायला सांगितली. पेटी पडली, उघडली.

"आपा, लॉ में तो नहीं है ना," मॅनेजर हळू आवाजात म्हणाले.

"नहीं है," आपा म्हणाल्या. "मगर आपके घर में भी छोटी बच्ची है, सर."

मॅनेजरनी वाकून ती उघडी पेटी उचलली आणि टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "खलास. एकच मॉडेल. भारीवालं."

किंमत वाढली आणि पार्टीने ऑर्डर दुसरीकडे दिली. मॅनेजर आपांना एका शब्दाने बोलले नाहीत. पण कोणीतरी, कुठेतरी त्या स्वस्त पेट्या बनवणारच होतं, आणि हे आपांना माझ्याआधी कळलं होतं. कितीतरी दिवस त्या डबा उघडून तशाच बसायच्या. एकदा मी म्हटलं, तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. त्यांनी डावा कान पुढे केला, ऐकलं, आणि पहिल्यांदाच अपवादाचं विचारलं नाही.

पुढे त्यांच्या मिस्टरांची नोकरी संपली आणि दोघं गावी जायला निघाले. आपांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी पहाटे इतकं धुकं पडलं, की पठाण ड्रायव्हरने बस रस्त्याच्या कडेला थांबवली. आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. आपा एकट्याच पुढे चालत गेल्या. आधी चपला दिसेनाशा झाल्या, मग ओढणी. ड्रायव्हरने "यल्ला, आपा, यल्ला" अशा निघायच्या हाका मारल्या, तेव्हा त्या हसत परत आल्या. केसांवर बारीक थेंब होते.

"काहीच दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "चालायला इतकं बरं वाटत होतं."

दोन वर्षांनी त्या गेल्याचा फोन त्यांच्या मिस्टरांनी केला. मी हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवला तरी मला त्या धुक्यात पुढे पुढे जाणाऱ्याच दिसत होत्या, आणि या वेळी यल्ला म्हणून हाक मारणारं कोणी नव्हतं.