कातड्याखालचा मठ

सौदीतल्या जुबैलच्या हॉस्पिटलात मी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, टेक्निशियन. आमच्या लॅबच्या इन्चार्ज मॅडम बैरूतच्या आर्मेनियन, रिटायर व्हायला आलेल्या. त्यांच्या आजीचं गाव आता तुर्कस्तानात. गावाच्या वर डोंगरात एक मठ होता, शेकडो वर्षांपूर्वी साधू तिथं पोथ्या लिहीत, असं आजी सांगायची. पुढं गाव उजाड झालं, मठाचे दगड लोकांनी घरांना लावले. आर्मेनियातल्या येरेवानच्या एका अभ्यासकानं मॅडमना कळवलं होतं, "त्या नावाचा मठ कुठंच नोंदलेला नाही. आजीनं रचलेली गोष्ट असेल."

ते त्यांना फार लागलं होतं.

एका दुपारी त्यांनी आजीची प्रार्थनेची पोथी मला दाखवली. वरचं कातडं कोपऱ्यात फाटलं होतं. आतल्या लाकडी फळीला त्याहून जुनं, चामड्याचं एक पान पालथं चिकटवलेलं. कडेला जरा सुटलं होतं, तिथून लाल शाई डोकावत होती. सोलायला जावं तर पान फाटणार.

"ही शाई कशाची?" मी विचारलं.

"हिंगुळाची. त्यात पारा असतो."

माझ्या डोक्यात चमकलं. पारा एक्स-रे अडवतो, आणि माझ्या मशीनचे किरण सौम्य, बारीकसारीकही टिपणारे. मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढली. शेवटची पेशंट गेल्यावर पोथीची फळी मशीनवर ठेवली, पेशंटवर दाबतो ती वरची प्लेट मात्र दाबली नाही.

स्क्रीनवर पांढऱ्या ओळी उमटल्या. मॅडम पुढं वाकल्या आणि हळूच मागं सरल्या. "ही आमची अक्षरं नाहीत."

माझं मन खट्टू झालं. मग लक्षात आलं, पान पालथं आहे, म्हणजे अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी दिसणार. मी चित्र डावं-उजवं उलटवलं.

त्या बोट ठेवून वाचू लागल्या. "ही पोथी लिहिली..." पुढं मठाचं नाव होतं. आजीनं सांगितलेलंच, खाली गावासकट. त्यांनी ते तीनदा वाचलं.

"आजी खरं सांगत होती," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडल्या. मीही रडले.

चित्र येरेवानला पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. अभ्यासकानं माफी मागितली होती, मठ आपल्या यादीत घातला होता, आणि पुरावा म्हणून पोथीबरोबर आजीचंही नाव लिहिलं होतं.

त्या दिवशी मॅडमनी गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कुनाफा, तिकडची मिठाई, वाटला, आणि प्रत्येकाकडून त्या मठाचं नाव म्हणवून घेतलं.