नव्या गेममधली दारातली आजी

गेमवाल्या पोरापोरीहो, राम राम. मले अक्षर येत नाई. मी बोलून राह्यली, नात स्वाती टाइप करून राह्यली.

आज सकाळी तिनं टीव्हीले डबा जोडून आमच्या तलवारवाल्या गेमचा नवा भाग लावला. जुने सगळे भाग मी तिच्या बाजूले बसून पाह्यले. ती नागपूरले शिकायले गेली, तवापासून टीव्हीवर चादरच असते.

चित्र लय सुंदर झालं. पण हिरो तलावात गळानं एकेक मासा धरते! तेवढ्या वेळात आमच्या इथचे लोक जाळं टाकून, मासे विकून घरी येतात.

मग तो गाव सोडून निघाला. दारात त्याची आजी उभी.

"तिले 'येतो' म्हण ना पोरी."

"आजी, तसं बटणच नाई."

"बरं, परत कधी येते?"

"गरज पडत नाई वो. पुढची गावं मोठी असतात."

स्वातीची गाडी दुपारची आहे.

गेम चांगला आहे, खेळा. फक्त सांगा, त्या आजीकडे तुमच्यातलं कोणी परत गेलं काय? ती काय म्हणते?

स्वाती टाइप करता करता थांबली पाहा. लिही वो, तुले नाई, हिरोले बोलून राह्यली मी.