विसूची बुटकी आणि माझं एक मत

रुक्मिणवहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. दुपारचे साडेबारा वाजले असतील. शहागडहून फोन म्हणजे विसूचंच काहीतरी असणार, मोसंबीची पेटी पोचली का, नाहीतर नवा फोटो पाठवलाय तो बघितला का... म्हणून मी फोन कापला आणि 'नंतर बोलतो' असा तयार निरोप पाठवून दिला. पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजला, मी पुन्हा कापला. जेवणाच्या सुट्टीत मीच लावला तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मागे कुणीतरी रडत होतं, त्यांचा आवाज मात्र कोरडा होता. सकाळी दुकानात पत्रा ठोकता ठोकता विसूच्या छातीत दुखायला लागलं. अंबडला नेलं, तिथून जालन्याला न्या म्हणाले, आणि रस्त्यातच... "जाताना तुमचं नाव काढलं त्यांनी. सुधाकरला कळवा म्हणले," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्याला आता दीड महिना होईल. या दीड महिन्यात मला भेटलेल्या प्रत्येकाने 'तुझा जिवाभावाचा मित्र गेला' म्हणून माझं सांत्वन केलं, आणि दर वेळी मला तिथून निघून जावंसं वाटलं.

विश्वनाथ पांचाळ, म्हणजे आमचा विसू, शहागडला हायवेच्या कडेला, गोदावरीचा पूल लागायच्या अलीकडे डेंटिंगचं दुकान चालवायचा. अपघातात चेपलेली ट्रकची केबिन तो पुन्हा सरळ करून द्यायचा. या पुरवणीच्या वाचकांना तो कदाचित आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी इथेच त्याचा फोटो छापून आला होता, छप्पर खाली आणलेल्या एका लाल गाडीला टेकून उभा असलेला. अंबडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांचा लोहारकामाचा धंदा, माझे वडील कोर्टात कारकून. दहावीनंतर तो एका डेंटरच्या हाताखाली गेला आणि मी पुढे इंजिनिअर झालो, पुण्यात एका मोटार कंपनीत लागलो आणि चढत चढत बऱ्यापैकी वर गेलो. गावी गेलो की त्याच्या दुकानात चहाला थांबायचं, एवढी आमची मैत्री उरली होती. म्हणजे माझ्या बाजूने एवढी. त्याच्या बाजूने ती शाळेत होती तेवढीच होती.

ती लाल गाडी मुळात एका वकिलाची अँबेसिडर. कोर्टाच्या मागे कित्येक वर्षं सडत पडलेली, तिच्या सीटमधून लिंबाचं रोप वर आलेलं. विसूने ती उचलून आणली आणि दुकानातलं रोजचं काम सांभाळून चार वर्षं तिच्या मागे लागला. छप्पर चार बोटं कापून खाली आणलं, बॉनेट काढून टाकलं, भंगारातल्या एका जीपचं डिझेल इंजिन बसवलं आणि ते उघडंच ठेवलं. मागची चाकं टेम्पोची, रुंद. त्या चाकांवरचे मडगार्ड त्याने सपाट पत्र्यातून, वाळूच्या पोत्यावर ठेवून, हातोडीने गोल काढले. अमेरिकेत जुन्या गाड्यांची अशी काटछाट करून वेगवान, ठेंगण्या गाड्या बनवणारे लोक आहेत, त्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आसंल बाबा. आपण तर हिला बुटकी म्हणतो." एकदा त्याने ती टेम्पोवर चढवून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला नेली, कारण काय तर तिथल्या एका गिऱ्हाइकाला दाखवायची होती. सगळा बाजार तिच्याभोवती गोळा झाला. एका म्हाताऱ्याने चारी बाजूंनी फिरून विचारलं, "आरं, निम्मी गाडी कुठं गेली?" विसू म्हणाला, "बाबा, निम्मी काढली म्हणून तर दिसून राह्यली." हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की पुढचं ऐकूच यायचं नाही.

मला त्याने ती पहिल्यांदा दाखवली तो दिवस मी विसरलेलो नाही. उन्हात उभी केली होती, वरून फडकं ओढून काढलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी काय बोललो? मी विचारलं, आरटीओ हिला पास करणार का, धडक बसली तर ही छताची पट्टी किती दाब सोसेल, स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसला तर काय... सगळं खरंच होतं. इंजिनिअर म्हणून मी चूक बोललो नव्हतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाय तुझं," म्हणाला. "म्या कुठं हिला पुण्याला चालवत आणून राह्यलो? तू हात तर फिरव." मी हात फिरवला. त्या मडगार्डवर कुठेही खळगा नव्हता, उंचवटा नव्हता. बाकीचे डेंटर ठोकून झाल्यावर उरलेला वाकडेपणा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकतात, वरून रंग मारला की कळत नाही. विसूला लांबीचा डबा दुकानात ठेवलेला खपायचा नाही. आमच्या कंपनीत लाखमोलाच्या मशिनी जे काढतात ते या माणसाने पोत्यावर काढलं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, "छान आहे," आणि घड्याळात बघितलं.

आमच्या मोटारींच्या जगात असल्या कारागिरांना तेव्हा किंमत नव्हती. आम्ही त्यांना 'गॅरेजवाले' म्हणायचो, तेही जरा नाक मुरडून. मग काळ बदलला. पोरांनी अशा गाड्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, लाखो लोक ते बघू लागले, डिझाइन कॉलेजांतून मुलं केरळ, पंजाबातल्या गॅरेजांत शिकायला जाऊ लागली. शेवटी पुण्यातल्या एका मोठ्या मोटार प्रदर्शनाने ठरवलं की या वर्षी एक दालन हाताने घडवलेल्या गाड्यांना द्यायचं. निवडीसाठी पाच जणांची समिती केली आणि तिच्यात माझं नाव घातलं. आमच्याच कंपनीतली मीरा नावाची एक तरुण डिझायनर त्या समितीत होती. तिने तिसऱ्या बैठकीत पडद्यावर एक व्हिडिओ लावला, आणि पडद्यावर विसू आला. तेच दुकान, तोच चहाचा ग्लास... बुटकीच्या मडगार्डवर हात ठेवून तो बोलत होता.

मी याला ओळखतो, हे मी तेव्हा बोललो नाही. मत विचारलं तेव्हा म्हणालो की गाडी सुरक्षेच्या कुठल्याच निकषात बसत नाही, अशा कामाला आपण व्यासपीठ दिलं तर चुकीचा संदेश जाईल. मोजून मापून, इंग्रजीत बोललो. मीरा चिडली. ती म्हणाली, ही गाडी रस्त्यावर आणायची नाहीये, दाखवायची आहे, आणि हे मडगार्ड आपल्यापैकी कोण काढून दाखवेल? मतं घेतली. बाजूने तीन, विरोधात दोन. त्या दोनांतला एक हात माझा होता.

का केलं असं, याचा मी गेला दीड महिना विचार करतोय. 'आपल्या गावचा म्हणून घुसवला' असं लोक म्हणतील अशी भीती होती, हे एक. पण तसं असतं तर मी ओळख सांगून मत द्यायचं टाळू शकलो असतो. खरं कारण याहून हलकं आहे. इतक्या वर्षांत माझी भाषा, माझे कपडे, माझं बसणं-उठणं मी बदलून घेतलं होतं, आणि त्या हॉलमध्ये विसू आला की तो मला मोठ्याने 'ए सुध्या' म्हणून हाक मारणार, हे मला दिसत होतं. त्याची मला लाज वाटली. शिवाय... हेही लिहूनच टाकतो... तीस वर्षं नोकरी करून माझं स्वतःचं म्हणावं असं एकही मडगार्ड माझ्याकडे नव्हतं.

निवडीचं पत्र मिळालं त्या दिवशी त्याचा फोन आला. "सुध्या, तू तोंडानं काही बोलला न्हाईस, पण मला कळलं बघ!" पत्रावर समितीतल्या पाच जणांची नावं होती, त्यांत माझं बघून त्याने आपल्यापुरतं सगळं जुळवलं होतं. मी म्हणालो, "अरे, तसं काही नाही." तो हसला. "मोठा साहेब झाला, पण सवय तीच. शाळेत बी माझी गणितं करून द्यायचा आन् कुणाला सांगायचा न्हाई." मी आणखी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मी म्हणालो, "ये मग, भेटू."

प्रदर्शनात बुटकीभोवती गराडा पडला होता. ज्या परदेशी पाहुण्यांना आमच्या कंपनीची नवी गाडी दाखवायला आम्ही आणलं होतं ते तिच्यापाशी गुडघे टेकून मडगार्डच्या आतली बाजू बघत होते. शेवटच्या दिवशी विसूला स्टेजवर बोलावलं. नव्या पांढऱ्या सदऱ्यात तो अवघडून उभा राहिला, माईक फार जवळ धरला आणि म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. पण एक सांगतो. माझा दोस्त हितं साहेब हाय. आमचं शहागड कुणाला ठावं बी नव्हतं, त्यानं माझी गाडी हितवर आणली. त्याच्या नावानं टाळ्या वाजवा." आणि त्याने बोट माझ्याकडे केलं. सगळा हॉल वळून टाळ्या वाजवत होता. माझ्या शेजारी मीरा बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली... तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. मला त्यापेक्षा तिने सांगितलेलं परवडलं असतं.

पुढची दोन वर्षं विसूची होती. मासिकांत फोटो आले, दोन कंपन्यांनी नव्या गाड्यांच्या नमुन्यांसाठी त्याच्याकडून पत्रे घडवून घेतले, आणि आमच्याच कंपनीने त्याला दर तीन महिन्यांनी तरुण इंजिनिअरांना शिकवायला बोलावलं. माझे साहेब त्याला 'पांचाळसर' म्हणायचे. तो कँटीनमध्ये माझी गोष्ट सांगायचा, आणि माझ्याबद्दल लोकांचं मत चांगलं होत जायचं. भावाच्या बागेतली मोसंबी तो पेटी भरून आणायचा. ती मी वॉचमनला देऊन टाकायचो. एकदा शहागडला, त्याच्या दुकानासमोरच्या टपरीवर, मी सगळा धीर गोळा करून म्हणालो, "विसू, त्या समितीत नेमकं काय झालं माहितीये का..." त्याने हात वर करून मला थांबवलं. "राहू दे की. केलेलं बोलून दाखवू न्हाई मानसानं." आणि चहावाल्याला म्हणाला, "साहेबाला बिनसाखरेचा दे, जल्दी." मी चहा प्यायलो. पुन्हा विषय काढला नाही.

तेराव्यानंतर मी शहागडला गेलो. वहिनी दुकानातच होत्या, एका स्टुलावर बसून हत्यारं फडक्याने पुसून खोक्यात ठेवत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, लाज वाटली हेही सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगून राह्यलात, भाऊजी? मला सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मंग मी काय करू याचं?" फडकं बाजूला ठेवून त्याच म्हणाल्या, "तुमच्या कंपनीची मानसं आल्ती. गाडी तिथं कायमची ठेवायची म्हणतेत. मी हो म्हणले. एक दाखवते, या."

बुटकी दुकानाच्या मागे उभी होती. वहिनींनी दार उघडून मला वाकायला लावलं. स्टिअरिंगच्या खाली पितळेची एक पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती, मी ती कधीच पाहिली नव्हती. लोखंडी ठशांनी एकेक अक्षर ठोकून त्यावर लिहिलं होतं, 'घडवणार विश्वनाथ पांचाळ, शहागड. पुढे आणणार सुधाकर.' पुण्याहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात बसवली होती म्हणे. मी म्हणालो, "वहिनी, ही काढून टाकू. इथे मीराचं नाव पाहिजे." त्या म्हणाल्या, "न्हाई. त्यांच्या हातची हाय, मी हात लावू देणार न्हाई. तुम्हाला खरंच काही करायचं आसंल तर लिहा. ज्या पेपरात त्यांचा फोटो आल्ता त्याच पेपरात लिहा. बिलकुल जसं झालं तसं." म्हणून हे लिहिलं. मीराला आधी वाचायला दिलं. तिने एका ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि कागद परत दिला.

बुटकी आता आमच्या इमारतीत तळमजल्यावर, लिफ्टच्या समोर आहे. काचा तिला विसूने बसवल्याच नव्हत्या, त्यामुळे येणारा-जाणारा वाकून आत डोकावतो. पट्टीवरची माझी चार अक्षरं नीट एका ओळीत आहेत. त्याच्या स्वतःच्या नावातला 'श्व' जरा कलला आहे, माझ्या नावातलं एकही अक्षर कललेलं नाही. परवा सकाळी नवीन लागलेला एक इंजिनिअर तिथे वाकून उभा होता. मला बघून सरळ झाला आणि म्हणाला, "सर, हे सुधाकर म्हणजे तुम्हीच ना?"

लिफ्ट आली होती, दार उघडं होतं. मी ते बंद होऊ दिलं.

"हो," मी म्हणालो. "थांब जरा. सांगतो तुला."