न हललेली गाडी

नवऱ्याने साखर घातल्याचं सांगितलं, तरी ती रोज सकाळी चहा चमच्याने चाखून बघायची. माझ्यावर विश्वास नाही का, असं तो विचारायचा. तुझ्यावर आहे, एका पातेल्यात दोघांनी हात घालण्यावर नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर.

ऑफिसात तिला शंकासुर म्हणत. काम पडताळणीचं. इस्पितळात आपोआप फिरणाऱ्या औषधांच्या गाड्यांची आज्ञावली बिनचूक आहे, हे गणिताने सिद्ध करायचं. प्रत्येक मजल्यावर गाड्या चालवणारं एक यंत्र होतं; गाडी मजला बदलायला निघाली की तिचा ताबा खालच्या यंत्राकडून वरच्याकडे जाई. तो एका वेळी एकाकडेच असावा, एवढीच अट. दोघांकडे गेला, तर एक थांब म्हणणार, दुसरं चल म्हणणार, आणि गाडी एखाद्या स्ट्रेचरवर आदळणार. गाड्या सोमवारी सुरू व्हायच्या होत्या, आणि त्या इस्पितळात तिची नणंद परिचारिका होती.

शुक्रवारी सहकाऱ्याने सिद्धता तिच्यापुढे ठेवली. अट कुठेच मोडत नव्हती. इतकं सरळ? तिच्या मनात पाल चुकचुकली. त्याने नजर चुकवत बिस्किटांचा पुडा पुढे केला, तोही तिला लाच वाटला. सही झाली का, म्हणून साहेब दारातून डोकावून गेले. त्यांचं हसूही तिला खरं वाटेना.

मग तिने संगणकाला वेगळंच विचारलं: गाडी कधी वरच्या मजल्यावर पोहोचते का?

कधीच नाही.

सहकाऱ्याने सिद्धतेसाठी केलेल्या आज्ञावलीच्या गणिती मांडणीत खालचं यंत्र वरच्याच्या होकाराची वाट बघत होतं, वरचं खालच्याच्या निरोपाची. गाडी जागची हलतच नव्हती. उभी गाडी कुणाला धडकणार? त्याने लबाडी केली नव्हती, न हलणारी गाडी सुरक्षित असल्याचं प्रामाणिकपणे सिद्ध केलं होतं. तो कानकोंडा झाला. तिने मुकाट्याने एक बिस्कीट उचललं.

मांडणी सुधारल्यावर गणितातली गाडी हलली, आणि खरी खोट दिसली: लिफ्टच्या दारात ताबा दोघांकडे जात होता. साहेबांनी तोंड वाकडं करून सोमवार रद्द केला. आज्ञावली दुरुस्त झाली, नवी सिद्धता तिने स्वतः उलटसुलट तपासली, तेव्हा कुठे सही केली.

पहिली गाडी निघाली, तेव्हा ती तिच्या मागोमाग चालत होती. नणंदेने वाटेत अडवलं. "वहिनी, सही तुझीच ना? मग गुप्तहेरासारखी मागे मागे काय फिरतेस?"

"तू जा गं तुझ्या कामाला," ती म्हणाली. "ही लिफ्टमधून वर गेली की येतेच मी."