थोरले साडू आणि मोजणीचा स्टँड

पृथ्वीच्या पाठीवर बघण्यासारखी नसलेली जेवढी म्हणून ठिकाणं आहेत, त्यांतली निम्मी तरी आमच्या थोरल्या साडूंनी बघून ठेवली आहेत. उरलेली निम्मी बघायला त्यांना भरपूर आयुष्य लाभो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फक्त त्या वेळी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर मी नसावं, एवढंच माझं मागणं. साडू सदलग्याचे. घरचा ऊस आता धाकटा भाऊ बघतो, मुलगी बंगळूरला नोकरीला आहे, आणि तिनं एका दिवाळीत वडिलांना कॅमेरा पाठवला, तेव्हापासून माझे रविवार संपले. शनिवारी संध्याकाळी ते बेळगावला आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि रविवारी उजाडायच्या आत माझ्या पायाचा अंगठा धरून हलवतात. "पावणं, ऊन चढायला लागलं," असं ते म्हणतात तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवेसुद्धा विझलेले नसतात. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करणारा माणूस, रविवारी झोपावं असं मला वाटतं. पण माझ्या बायकोचं मत असं, की दाजींचं वय झालं, त्यांच्या सोबतीला कुणीतरी पाहिजे. कुणीतरी म्हणजे कोण, यावर आमच्या घरी कधी चर्चा झालेली नाही.

ज्या जागेला पाटी आहे तिथं जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. काही वर्षांमागं दोन्ही घरची माणसं मिळून आम्ही गोकाकच्या धबधब्याला गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, लाल पाणी नुसतं कोसळत होतं, सगळं जग कठड्याला टेकून फोटो काढत होतं आणि साडूंचा पत्ता नव्हता. आक्का, म्हणजे त्यांची बायको, रडायच्या बेताला आली. अर्ध्या तासानं साडू सापडले ते एका चहाच्या टपरीमागं. रॉकेलच्या स्टोव्हपुढं दोन्ही गुडघे टेकून, एक डोळा मिटून बसलेले, आणि टपरीवाली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी जरा रागानंच बोललो, तर म्हणाले, "धबधबा कुठं पळून जातोय व्हय, पावणं? ह्यो स्टोव्ह बघून घ्या. फुडल्या खेपंला आलासा तर हितं गॅस असंल." दोन वर्षांनी ऑफिसच्या सहलीबरोबर मी पुन्हा गेलो, तर खरोखरच तिथं गॅस होता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझे शनिवारही जातील.

रस्ता विचारायची त्यांची रीतही उलटीच. फाट्यावर गाडी थांबवून ते कुणाला तरी विचारतात, "ह्यो रस्ता कुठं जातोय?" तो माणूस आपुलकीनं सांगतो, "ह्यो खानापूरला जातोय बघा." "आणि ह्यो दुसरा?" "त्यो कुठं जात न्हाय, फुडं रानात संपतोय." की साडूंचा चेहरा उजळलाच, गाडी त्या न जाणाऱ्या रस्त्याला लागते. मग रान येतं, चिव्याच्या बांबूचं बेट येतं, एखादी मोडकी मोट येते, गोवऱ्या थापलेली भिंत येते. भिंतीपुढं ते अर्धा अर्धा तास उभे राहतात. फोटो मात्र एकच काढतात, आणि तोही परवानगी घेऊन. झाडाचा फोटो काढायचा तर झाडाचा मालक हुडकायचा. म्हशीचा काढायचा तर म्हशीचा मालक, आणि तो नसला तर खुद्द म्हैस. "हिकडं बघ गं बाई," असं आधी मराठीत, आणि मान वळली नाही तर "इल्ली नोडव्वा," असं कन्नडमध्ये. सदलग्याकडच्या माणसाला दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या. एकदा एक म्हैस दोन्हींना दाद देईना, तेव्हा कॅमेरा मिटत म्हणाले, "दोनी भाषा येत्यात तिला. पर मन न्हाय आज तिचं." आणि खरंच फोटो न काढता निघाले.

त्यांची खरी अडचण मात्र सूर्याशी आहे. साडू जैन, आणि नेमाचे पक्के. सूर्य मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे. नंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. आता फोटो काढणारा कुणीही सांगेल, की उजेड खरा बघावा तो मावळतीच्या आधीच्या अर्ध्या तासात. तेव्हा साध्या मातीच्या ढेकळालाही सोन्याचा वर्ख चढतो. नेमका तोच अर्धा तास साडूंच्या जेवणाचा. त्यामुळे त्या वेळी आमचं जे काही चालतं ते बघणाऱ्याला फार मजेशीर वाटत असणार. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात कॅमेरा, नजर एकदा डोंगराकडे आणि एकदा डब्याकडे. मी सूर्य किती उरला ते ओरडून सांगायचं. "बोटभर ऱ्हायलाय, अण्णा!" की त्यांनी घाईनं घास गिळायचा. त्यांच्या उत्तमोत्तम फोटोंवर एका कोपऱ्यात एक धूसर तांबूस डाग असतो. जाणकार लोक त्याला भिंगाचा दोष म्हणतात. ती शेंगदाण्याची चटणी आहे.

आता त्या स्टँडबद्दल. दुकानात मिळणारे कॅमेऱ्याचे स्टँड साडूंना कोंबडीच्या पायांसारखे वाटतात. म्हणून त्यांनी निपाणीच्या एका भंगारवाल्याकडून तीन पायांचा भक्कम लाकडी स्टँड आणला. टोकांना लोखंडी खिळे आणि अंगावर लाल-पांढरे पट्टे. मोटारसायकलवर तो आमच्या दोघांच्या मध्ये असतो आणि मी त्याला मिठी मारून बसतो. एके काळी त्याच्यावर जमीन मोजायची दुर्बीण बसत असे, हे आम्हा दोघांना माहीत होतं. ते गावोगावच्या लोकांनाही माहीत असेल, हे मात्र आमच्या डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांमागची, थंडीच्या अखेरीची गोष्ट. हिंडलग्याच्या पुढं कुठंही न जाणारा एक रस्ता आम्ही धरला होता. एका खेड्याच्या शिवारात मसूर दाटून उभा होता, मध्ये एक जुनी विहीर, बांधावर फणस. साडूंनी स्टँड रोवला आणि मला नेहमीप्रमाणं पन्नास पावलांवर रुमाल धरून उभं केलं. माझ्या रुमालावर नजर बसवून ते कॅमेरा जुळवतात. "जरा डावीकडं! आणि एक पाऊल मागं!" असं ते ओरडत होते आणि मी हलत होतो. तेवढ्यात समोरच्या रानातून एक बाई कासोटा मारलेल्या लुगड्यात, हातात खुरपं घेऊन सरळ साडूंवर चालून आली.

"कोन रं तुमी? कुनाच्या हुकमानं मोजाय लागलाय?"

त्या रानातून नवा मोठा रस्ता जाणार अशी कुणकुण गावात वर्षभर होती आणि धड कुणी काही सांगत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त खुरपं दिसत होतं. साडू घाबरले. घाबरले की त्यांच्या तोंडून कन्नड येतं, कारण त्यांची आई कन्नड बोलायची. "सुम्म बंदेव री," म्हणाले, म्हणजे आपलं उगीच आलोय. बाईनं मागं वळून गावाला हाक दिली, "आरं या रं! कन्नडा बोलतोय. हापीसातलाच मानूस हाय ह्यो!"

बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. मोटारसायकलची किल्ली गेली. स्टँड जप्त झाला आणि आम्हाला फणसाखाली बसवलं. चौकशीला पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार पुढं आले, पांढऱ्या मिशा, ताठ कणा. त्यांनी मला थेट हिंदीत विचारलं, "आपका वहाँ काम क्या था?"

"मी रुमाल धरून उभा होतो," मी म्हणालो.

"क्यूँ?"

मी रुमाल उलटसुलट करून त्यांना दाखवला.

"कॅमेरा बगू दे," खुरपंवाली म्हणाली. साडूंनी तो मुकाट्यानं दिला आणि एकेक चित्र कसं सरकवायचं ते दाखवलं. तिनं एक बघितलं, दुसरं बघितलं. मागं माणसं वाकून बघायला लागली. म्हशीची पाठ. गोवऱ्यांची भिंत. झिजलेला उंबरा. चाक निखळलेली बैलगाडी. पुन्हा म्हैस. बुजगावणं, त्याच्या डोक्यावर चिमणी. शेवटी ती बाई म्हणाली, "सरकारचा मानूस न्हाय ह्यो. सरकाराला एवडा येळ कुटला?"

सगळं शिवार हसलं. हवालदारांच्या मिशाही हलल्या. किल्ली परत आली, पाठोपाठ चहा आला. बाई मात्र हसायची थांबली आणि साडूंना म्हणाली, "पर हे कशाला काडतासा?"

तोवर साडूंची मराठी परतली होती. म्हणाले, "कशाला, ते मलाबी नीट सांगता येत न्हाय, बाई. हाय तवर काढून ठेवतोय."

तिनं खुरप्यानं मसुराकडे दाखवलं. मग म्हणाली, "आमचं काडा की. रस्ता जातोय म्हंत्यात त्या अंगाचं."

दिवसात तीनच्या वर फोटो न काढणारे आमचे साडू त्या दिवशी दुपारपासून रान पालथं घालत होते. हवालदारांनी पितळी बटणांचा जुना कोट चढवला आणि आपल्या विहिरीशेजारी सावधान उभे राहिले. कुणी बैलांच्या शिंगांना रंग लावून आणला. बांधावरचा तो फणस दोघा सख्ख्या भावांच्या सामाईकीतला निघाला, आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनाही फणसाबरोबर फोटो पाहिजे होता. साडूंनी एकाला खोडाच्या या बाजूला उभं केलं, दुसऱ्याला त्या बाजूला. "झाडाकडं बघा रं," म्हणाले, "एकमेकांकडं बघू नगासा." आता झाडाकडं बघायचं म्हणजे एकमेकांकडं तोंड करणं आलंच. थोरला आधी हसला. धाकट्यानं हसू दाबायला मान खाली घातली, आणि साडूंनी तेवढ्यात फोटो घेतला. सकाळचा माझा तो रुमाल आता गावाला इतका आवडला होता, की लोक स्वतःहून मला सांगत होते, "पावणं, जरा डावीकडं."

खुरपंवालीचं नाव सावित्री. सगळ्यांना आधी वाट देऊन ती घरी गेली होती. ती परत आली तेव्हा सूर्य पार खाली उतरला होता. हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून आली आणि आपल्या मसुरात जाऊन उभी राहिली. उजेड आडवा पसरला होता, मसूर पेटल्यासारखा दिसत होता. मी डबा उघडून तयार ठेवला होता.

"अण्णा, बोटभर ऱ्हायलाय," मी हळूच म्हणालो.

त्यांनी सूर्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती विचारत होती, "खुरपं ठिवू काय खाली?"

"ऱ्हाऊ दे हातात," साडू म्हणाले, आणि मला म्हणाले, "डबा बांधा, पावणं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. गावानं कळल्यावर फार आग्रह केला. त्यांनी तांब्याभर पाणी तेवढं घेतलं. परतताना हिंडलग्याजवळ त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "आज उजेड लई चांगला होता न्हवं?" बस, एवढंच.

तीन आठवड्यांनी ते सगळे फोटो मोठे छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही गावात नेले. हवालदारांनी स्वतःच्या फोटोला सलाम ठोकला. दोघा भावांनी फणसाचा फोटो कुणाच्या घरी लावायचा यावरून पुन्हा भांडण काढलं, म्हणजे बोलणं सुरू झालं. सावित्रीनं हात पदराला पुसून फोटो घेतला. खूप वेळ बघितला. फोटोतल्या रानाच्या कडेवरून, जिथं ओढा आहे तिथून, बोट फिरवलं आणि फोटो परत साडूंच्या हातात दिला.

"का? बरा न्हाय आला?" साडूंचा चेहरा पडला.

"लई बेस आलाय. पर आत्ता नको. रान हाय न्हवं माजं अजून? तुमच्याजवळच ठिवा. ते गेलं, की फोन करून मागून घीन. तवर करनार न्हाय." मग तिनं साडूंचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून घेतला.

तो फोटो सदलग्याला साडूंच्या कपाटात आहे, धोतरांच्या घडीखाली. रस्त्याचं कधी ऐकू येतं, कधी थांबलाय म्हणतात. सावित्रीचा फोन आलेला नाही. गेल्या हिवाळ्यात साडूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली, तरी एका रविवारी त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली; कॅमेरा नको, स्टँड नको, नुसतं त्या गावात जायचं. सावित्री रानात होती. साडू तिच्या उघड्या दाराशी गेले, खिशातून खडू काढून मला दिला आणि म्हणाले, "माझ्या खाली तुमचा नंबर लिवा. माझं काय आता. फोन आला तर उचला, पावणं." आणि पायरी उतरताना, मला ऐकू जाईल न जाईल असं, "पर त्यो येऊ नये बघा."

आम्ही निघालो तेव्हा रानात मसूर उभा होता.

त्या दिवसापासून अनोळखी नंबरवरून फोन वाजला, की मला आधी सावित्रीचं रान आठवतं. ऑफिसात असलो तर मी व्हरांड्यात जाऊन उचलतो. बहुतेक वेळा कुणी तरी विमा विकत असतं. मला विमा नको असतो, पण मी इतक्या आनंदानं "बोला, बोला," म्हणतो, इतकी आपुलकीनं चौकशी करतो, की पलीकडचा माणूसच गोंधळून जातो आणि बरेचदा तोच आधी फोन ठेवतो.