ओहोटीचे चौथे कडवे

आल्बी गेल्याचे मला केशकर्तनालयात कळले, अर्ध्या दाढीला साबण लागलेला असताना. सकाळची वेळ होती. लग्नसराई उलटून गेली होती, कुठला सणही जवळ नव्हता. तरी कारागिराच्या फोनवर ‘उडी मार रे नवऱ्या’ वाजू लागले. पाठोपाठ रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर तेच... मग सिग्नलला थांबलेल्या एका रिक्षात तेच. बोरिवलीच्या त्या चौकात एकच गाणे एकमेकांच्या थोडे मागेपुढे वाजत होते. वस्तरा हातात तसाच धरून कारागीर म्हणाला, “सर, हा तुमचा दोस्त ना? गेला म्हणतात.” माझा फोन घरी राहिला होता. आल्बीची पत्नी फिलोमिना पहाटेपासून त्यावर प्रयत्न करीत होती.

वृत्तपत्रांनी त्याला मराठी रॉक अँड रोलचा राजा म्हटले. रॉक अँड रोल म्हणजे नेमके काय, हे मला आल्बीनेच शिकवले, आणि मी शिक्षक असल्यामुळे ते पुढे सांगणे मला भागच आहे. आपल्याकडे चार मात्रांच्या चालीत टाळी सहजपणे पहिल्या मात्रेवर पडते. या गाण्यात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. पहिली मात्रा जणू रिकामी सोडायची, पाय उचलून धरायचा आणि दुसरीवर ठेवायचा. ऐकणारा एकदा त्या जागेवर टाळी देऊ लागला की त्याला खुर्चीत बसवत नाही. आमची टाळी मात्र पहिलीवरच पडत असे. “मास्तर, तू एकावर टाळी दिलीस की मला खड्ड्यात पडल्यासारखं होतं रे,” असे तो म्हणत असे. तेव्हा मी मास्तर झालो नव्हतो. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. माझी वह्यांना कव्हरे घालण्याची पद्धत पाहून त्याने हे नाव ठेवले आणि पुढे मी ते खरे केले.

तो गोराईचा. शाळा बोरिवलीला, मध्ये खाडी, त्यामुळे रोज लाँचने ये-जा. त्याचे वडील गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत. त्यांच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याची रीत आहे, आणि त्या मिरवणुकीत चालता चालता आल्बी ताल शिकला. जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने गिटार आणली, सोबत काही तबकड्या आणल्या, आणि पोरगा हातचा गेला असे वडिलांनी जाहीर केले. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गोराईला जात असे. लाँचच्या कडेच्या फळीवर बसून तो गायचा. कोळणी टोपल्या पायांशी घेऊन बसलेल्या असत आणि त्यांच्यापैकी एखादी हमखास म्हणायची, “ए आल्ब्या, मासे दचकतात रे, हळू.” तो म्हणायचा, “मावशे, इथनं कुणी उठून जाऊ शकत नाही, म्हणून तर गातो.”

‘ओहोटी’ हे गाणे मी प्रथम तिथेच ऐकले. ते रॉक अँड रोल नव्हते, निदान नाचण्याजोगे तरी नव्हते. खाडीचे पाणी ओसरते, होडी चिखलात एका कुशीवर कलंडते आणि तिच्यात बसलेला माणूस पाण्याची वाट पाहत राहतो, एवढाच त्याचा विषय. ‘पानी गेलं दूर गो, होरी निजली कुशीवर,’ अशी सुरुवात. जोर मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच. इतका हलका की लाटेने होडीला टेकावे तसा. तीन कडवी होईपर्यंत लाँच धक्क्याला लागायची आणि तो थांबायचा. पुढचे विचारले की उत्तर ठरलेले, “परत कधी.” खाडी अरुंद आणि गाणे लांब, असा मी सरळ हिशोब केला होता.

प्रसिद्धी मिळवून दिली ती मात्र नवऱ्याने. बूट-सूट घालून होडीतून लग्नाला निघालेला नवरा ओहोटीच्या चिखलापुढे अडतो आणि वऱ्हाड काठावरून त्याला ‘उडी मार’ म्हणून ओरडते, असे ते गाणे त्याने एका कॉलेजच्या महोत्सवासाठी गमतीने रचले होते. शेवटी तो स्वतः ध्वनिक्षेपकाच्या उंच खोक्यावर चढला आणि तिथून रंगमंचावर उडी मारून गुडघ्यांवर घसरत पुढे आला. त्या संध्याकाळनंतर त्याचे आयुष्य त्या उडीचे झाले. ध्वनिमुद्रिका निघाली, दूरदर्शनवर बोलावणे आले, गावोगावचे गणेशोत्सव, परदेशातली मराठी मंडळे... सगळीकडे नवरा. दुसरी ध्वनिमुद्रिका त्याने हट्टाने केली, तीत नवऱ्याचे गाणे ठेवले नाही, आणि ती कुणी घेतली नाही. त्यानंतर आयोजक आधीच विचारू लागले, उडी आहे ना? मधली गाणी लोक चहा पिऊन येईपर्यंत चालवून घेत. एकदा मुलुंडच्या एका कार्यक्रमात त्याने ‘ओहोटी’ला सुरुवात केली, तर पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी उठून आपुलकीने त्याची तब्येत विचारली. “सांग, यांच्यावर रागवायचं कसं?” हे सांगताना तो हसत होता. फिलोमिना हसत नव्हती. घरी न्हाणीघरात तो फक्त ‘ओहोटी’ म्हणतो, हे तिने मला तेव्हा सांगितले.

मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्याला बोलावले. अट त्याची होती आणि मला ती मनापासून मान्य होती. उडी नाही, नवरा नाही. खुर्चीवर बसून एकच गाणे, शेवटपर्यंत. मुलांना गाण्याविषयी चार शब्द आधी सांगितले, टाळी कुठे द्यायची तेही समजावले. आल्बी पांढरा इस्त्रीचा सदरा घालून आला. साठीकडे झुकलेला तो माणूस पडद्याआड नववधूसारखा घाबरला होता. तो गाऊ लागला. पहिले कडवे मुलांनी खरोखर शांतपणे ऐकले, आणि टाळ्या योग्य जागी पडल्या. दुसऱ्या कडव्यात मागच्या रांगांतल्या पालकांच्या टाळ्या सुरू झाल्या, त्या पहिल्या मात्रेवर. मुलांची टाळी डगमगली आणि पालकांच्या टाळीत मिसळून गेली. मग कुणीतरी म्हणाले, “उडी!” क्षणभरात सगळे सभागृह तेच म्हणत होते. आणि विंगेतून आमचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व दोन शिपाई एक लाकडी खोके घेऊन आले. लाल रंगवलेले, त्यावर एक मोठा चंदेरी तारा. पाहुण्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून त्यांनी ते सुताराकडून मुद्दाम करवून घेतले होते. वय लक्षात घेऊन बुटके केले होते आणि पुढे व्यायामशाळेतली गादीही अंथरली होती. मी उठून हात हलवले, पण त्या आवाजात माझे काही चालले नाही. आल्बीने खोक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गिटार खुर्चीवर ठेवली.

गादीच्या कडेवर त्याचा पाय मुरगळला आणि आधीच झिजलेला उजवा गुडघा तिथे कायमचा गेला. रुग्णालयात मी बोलण्याचा प्रयत्न करीत होतो, तर त्याने मला थांबवले. “मायेनं केलंय रे त्यांनी. गादी पण घातली.” शाळेने ते खोके सन्मानाने त्याच्या घरी पोहोचवले.

घर बोरिवलीतच, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून लिफ्टचा विषय निघत नव्हता, आणि रहिवाशांचे एकमत होत नसल्याने पाडण्याचाही निघत नव्हता. पुढे त्याच्या डाव्या गुडघ्यानेही हळूहळू साथ सोडली आणि आल्बीचे खाली उतरणे थांबले. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. खाडी तिकडे कुठेतरी, वारा फिरला की वासापुरती. सोसायटीचा कोणताही उत्सव असला की मांडवातून पहिले गाणे त्याच्या मानार्थ लागे. पहिल्या ठोक्यासरशी तो डोळे मिटून म्हणे, “बघ, जेलर ड्यूटीवर आला.” भेटायला येणारे तरुण त्याच्या खुर्चीशेजारी ते लाल खोके मांडीत, त्यावरून स्वतः उड्या मारीत आणि चित्रफीत काढून नेत. तो त्यांना नाही म्हणत नसे. उलट सूचना करी, “गुडघा वाकवून पड, बाबा. माझ्यासारखा शहाणपणा नको.”

गुरुवारी संध्याकाळी मी जात असे. फिलोमिना चहा ठेवी, तो गिटार मांडीवर घेई आणि ‘ओहोटी’ची तीन कडवी म्हणे. इथे धक्का येणार नव्हता, कुणी उठून जाणार नव्हते. तरी तो तिसऱ्यानंतर थांबे. शेवटच्या भेटीत मी जरा हट्टाने विचारले. वर्गात मुलांना विचारावे तसेच, कारण मला दुसरे विचारता येत नाही. “आल्बी, चौथं कडवं म्हण. आपल्याला दोघांनाही आता कुठं जायचंय?” त्याने तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला. “परत कधी,” तो म्हणाला. मग गिटार बाजूला ठेवताना, “तू ऐकतोस छान रे, मास्तर. टाळी अजून चुकतेच.”

त्याला गोराईच्या दफनभूमीत ठेवायचे होते. तीन मजले उतरवताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर शवपेटी कलती करावी लागली. फिलोमिना मागून सांगत होती, “सांभाळून, गुडघे दुखतात त्याचे.” रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून लाँचने नेले. आणि पाणी ओसरलेले होते. पलीकडच्या धक्क्याच्या अलीकडे लाँचचा तळ गाळाला टेकला. पाणी भरेपर्यंत थांबावे लागेल, असे तांडेलाने सांगून इंजिन बंद केले. काठावर गावचा बँड उभा होता. त्यांनी प्रसंगाला शोभेल असे काहीतरी सुरू केले. ते संथ होते, गंभीर होते... आणि नीट ऐकल्यावर कळले की ते नवऱ्याचेच गाणे आहे, अंत्ययात्रेच्या चालीत बसवलेले. त्यांचीही मायाच होती.

बँड दमून थांबला तेव्हा फिलोमिना शवपेटीवर हात ठेवून हळू आवाजात ‘ओहोटी’ म्हणू लागली. इतकी वर्षे न्हाणीघराच्या दारातून ऐकलेली. लाँचवर कुणी हलले नाही, आणि काठावरूनही कुणी ओरडले नाही. तिसरे कडवे संपले. चिखलावरून पाण्याची एक पातळ कड आमच्याकडे सरकत होती आणि मी चौथ्याची वाट पाहत होतो. फिलोमिना थांबली.

“पुढचं?” मी विचारले.

“पुढचं नाहीच, मास्तर. त्याला जमलंच नाही कधी. म्हणायचा, पाणी परत येतं ते मी लिहायला बसतो, आणि मला फक्त चिखल दिसतो.”

थोड्या वेळाने लाँच आपसूक उचलली गेली आणि तांडेलाने इंजिन सुरू केले.

गुरुवारी मी अजून जातो. खुर्ची भिंतीशी सरकवली आहे, गिटार पिशवीत घातली आहे. लाल खोके मात्र वापरात आले. फिलोमिना त्यावर बसून भाजी निवडते; चंदेरी तारा तिच्या बसण्याने जवळजवळ पुसला गेला आहे. निवडता निवडता ती तीन कडवी म्हणते. मी टाळी देतो, दुसरीवर आणि चौथीवर, बोटांनी मोजून. मग चौथ्या कडव्याला लागला असता तितका वेळ आम्ही दोघे काही न बोलता बसून राहतो. परवा तो वेळ चालू असतानाच खालच्या मांडवात चाचणीसाठी ध्वनिक्षेपक लावला गेला आणि पहिला ठोका आला. फिलोमिनाने उठून खिडकी लावली, परत त्या खोक्यावर येऊन बसली, आणि राहिलेला वेळ आम्ही पुरा केला.